ओढ्याअलीकडची ठकी

हे मी आजवर कुणापाशी बोललेली नाही. ह्यांच्यापाशी नाही, माहेरी नाही, देवापुढे बसूनसुद्धा नाही — तिथे तर मी मुद्दाम मोठ्याने स्तोत्र म्हणते, म्हणजे भलतंच काही तोंडातून निसटायला नको. मग तुम्हालाच का सांगतेय? खरं सांगू? मलाही नीट ठाऊक नाही. परवा आमच्याकडे बोलणं निघालं. नगरमध्येच नव्या जागेत राहायला जायचंय, नातीनं मांजर पाळलंय, ते न्यायचं कसं? तर सगळी माझ्याकडे वळली. सून नातीला म्हणाली, "आजीला विचार. त्यांच्याकडे तर संगमनेरहून बेलापूरला चालत आलेली मांजर होती!" आणि मी — इतक्या वर्षांच्या सवयीनं — मान डोलावली.

डोलावली, आणि मनात म्हटलं, पुरे झालं हे आता.

पण थांबा. आधी मला चांगलं चांगलं सांगू द्या. ते दिवस चांगलेच होते हो, त्यात काही खोटं नाही. लढाई चालू होती, रॉकेल मिळायची मारामार, कापड कंट्रोलात — तरी मी सुखात होते. हे पाटबंधारे खात्यात कारकून. संगमनेरला आम्ही पारूबाईंच्या घरात भाड्यानं राहायचो. पारूबाई शेतकरीण, मनानं मोठी, पण जागा लहान. पुढे त्या, त्यांची गुरं आणि त्यांची पोरं, मागे आम्ही. माझं स्वयंपाकघर म्हणजे पडवीत तट्ट्याचा आडोसा. त्यात सासूबाईंचं सोवळं. इकडे शिवू नको, तिकडे पदर लावू नको. अंग चोरून चोरून मी निम्मी झाले होते.

आणि ह्यांची बदली झाली बेलापूरला. तिथल्या एका मळेवाल्यानं नवं घर बांधलं होतं, ते आम्हाला मिळालं. हे आधी जाऊन पाहून आले आणि म्हणाले, स्वयंपाकघराला खिडकी आहे. अगंबाई, खिडकी! माझ्या चुलीला खिडकी! त्या दिवशी मी भाकरी थापता थापता हसत होते म्हणून सासूबाईंनी विचारलंसुद्धा, "काय गं, वारं लागलं की काय?"

सासूबाईंबद्दल सांगायला हवं. ऐन विशीत नवरा गेला, लोकांकडे पोळ्या लाटून एक मुलगा वाढवला. जीभ अशी की ऐकणाऱ्यानं कानाला हात लावावा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण भाजीत मीठ कमी पडलेलं वासावरून सांगायच्या. रडताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. मऊपणा म्हणाल तर एकाच जिवापुरता — ठकीपुरता.

ठकी आमची मांजर. आमची कसली, त्यांची. पिवळी-पांढरी. लहानपणी दाराच्या फटीत सापडून शेपटीचं टोक मोडलेलं, ते कायमचं कोयंड्यासारखं वाकडं. तिचं आणि माझं पटलं नाही. का पटावं? माझ्या लग्नातल्या शालूवर व्याली मेली! ट्रंकेचं झाकण उघडं राहिलं एवढंच निमित्त. मी किंचाळले, तर सासूबाई म्हणाल्या, "बाळंतिणीला हलवायचं नाही." पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत शालू तिच्या अंगाखाली. वर तिला साय, दूधभात. माझ्या लग्नाला तोवर बरीच वर्षं झाली होती आणि माझ्या पदरी काही नव्हतं. सासूबाई त्यावरून मला कधी बोलल्या नाहीत, हेही सांगायला हवं. पण ठकीच्या पाठीवरून हात फिरवत "माझी लेकुरवाळी गं" म्हणायच्या, तेव्हा — कळतंय ना तुम्हाला? मांजराचा हेवा करणारी बाई तुम्ही कधी पाहिली नसेल. आता पाहा.

घर बदलताना मांजर नेण्याचं सासूबाईंचं शास्त्र होतं. कुत्रं माणसाचं, मांजर घराचं, त्यामुळे त्याला फसवूनच न्यावं लागतं. पोत्यात घालायचं, म्हणजे वाट दिसत नाही. वाटेत त्याचं नाव घ्यायचं नाही. आणि मुख्य म्हणजे वाहतं पाणी ओलांडेपर्यंत पोत्याची गाठ सोडायची नाही. पाण्याच्या अलीकडे सुटलं तर ते जुन्या घरी परत जातं, पलीकडे सुटलं तर कुठलंच घर सापडत नाही. नव्या घरात आधी देव, मग पाण्याची कळशी, मग मांजर, मग माणसं. मांजराला चुलीभोवती फिरवायचं आणि पायांना लोणी लावायचं. ते पाय चाटत बसलं की घर त्याचं झालं. हसू नका. त्यांच्या लेखी हे सगळं पंचांगाइतकं खरं होतं.

निघालो तेव्हा थंडीचे दिवस. हे कामावर हजर व्हायला आधीच गेले होते. दोन बैलगाड्या केल्या. पुढच्या गाडीत सासूबाई, मांडीवर देवांची पेटी, लोणच्याच्या बरण्या आणि लोण्याची वाटी. मागच्या गाडीत सामान, मी, आणि माझ्या मांडीवर पोतं. नव्या घरात पाऊल टाकायचं म्हणून मी नवं पातळ नेसले होते. कंट्रोलात रांगेत उभं राहून ह्यांनी आणलेलं, अंजिरी रंगाचं. पारूबाई वेशीपर्यंत पोचवायला आल्या आणि डोळ्याला पदर लावून परत गेल्या.

पोत्यातून जो आक्रोश सुरू झाला तो थांबेचना. मी थोपटलं, गप्प बस म्हटलं, रागावले. ओढा दिसायला लागला. पुढची गाडी पाण्यातून पार झाली. आमचा गाडीवान बैलांना पाणी दाखवायला खाली उतरला. आणि तेवढ्यात माझ्या मांडीला ऊब लागली. ओली ऊब. माझं अंजिरी पातळ!

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं.

मी गाठ सोडली. सुटली नाही, मी सोडली. तोंड मोकळं करून पोतं गाडीबाहेर उपडं केलं. ठकी खाली पडली, क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली, मग घाणेरीच्या झुडपात शिरली. मला काय वाटलं? हलकं वाटलं. नव्या घरात आता माझी खिडकी, माझी चूल, आणि लेकुरवाळी नाही. मग मी पोतं दाताखाली धरून फाडलं. फाटलेलं दाखवायला हवं ना.

दुपारी पिंपळाखाली गाड्या सोडल्या तेव्हा सासूबाईंना सांगितलं, पोतं फाडून पळाली हो. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी फाटलेल्या जागेवरून बोटं फिरवली आणि एकच विचारलं, "ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे?"

तुमच्या लक्षात येतंय का, त्या काय विचारत होत्या? अलीकडे म्हटलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे गाडी वळवली असती. ठकी परत पारूबाईंच्या दारात जाणार, हे त्यांना सूर्य उगवण्याइतकं ठाऊक होतं. निदान निरोप तरी धाडला असता. आणि गाडी वळली असती तर ठकी माझ्याबरोबर नव्या घरात आली असती.

मी म्हटलं, "पलीकडे."

एक शब्द. बाकी सगळं त्याच्या पोटात आलं.

नव्या घरात देव गेले, कळशी गेली, मग आम्ही गेलो. मी चुन्याचा वास छाती भरून घेतला. खिडकीतून पेरूचं झाड दिसायचं, पोपट यायचे. चूल मी माझ्या हातानं घातली, माझ्या उंचीची. लोण्याची वाटी सासूबाईंनी माझ्याच खिडकीत ठेवली. म्हणाल्या, आली तर लागेल. रोज जुनं लोणी काढून नवं ठेवायच्या. आणि त्यांनी दूध सोडलं. ठकीचं काय झालं ते कळेपर्यंत दूध-दही-ताक तोंडाला लावणार नाही म्हणाल्या. विधवा बाईला तेव्हा रात्रीचं अन्न नसे, दुधाच्या पेल्यावर रात्र निघायची. तोही गेला. हे आईला समजावून समजावून थकले. त्या म्हणायच्या, "मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं. तू कारकुंडा, सोन्याची मिशीसुद्धा होणार नाही तुझ्याच्यानं." विनोद करायच्या हो, अगदी पूर्वीसारखाच. पण उठताना भिंत धरायला लागल्या. मनगटावरची कातडी लोंबायला लागली. ह्यांच्या आईला मी उपाशी मारत होते.

तेव्हा तरी सांगता आलं असतं. अलीकडे हो, ओढ्याच्या अलीकडे, पलीकडे चुकून तोंडातून गेलं. इतकं सोपं होतं. मी काय केलं? मळ्यात गुऱ्हाळ चालू होतं, तिथे गूळ आणायला गेले, तर रस आटवायच्या काहिलीच्या उबेला एक मांजर पसरलेली. पिवळी-पांढरी. गुळव्या म्हणाला, "न्या की बाई, लई झालीत हितं." त्याच फाटक्या पोत्याला मी टाके घातले आणि तिला घेऊन आले. अंगाला माती चोळली. तिन्हीसांजेला मागल्या दारी सोडली आणि ओरडले, "सासूबाई, ठकी आली!"

त्या अडखळत धावल्या. मी त्यांना धावताना प्रथमच पाहिलं. तिला उचलून पदरात घेतली, तोंडावरून हात फिरवला, पाठीवरून फिरवला, आणि हात शेपटीशी आला. शेपटी सरळ. सळसळीत सरळ! चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काय असतं ते त्या वेळी मला विचारायचं. सासूबाई थोडा वेळ शेपटीचं टोक चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "चालून चालून शेपटीसुद्धा सरळ झाली गं माझ्या बाईची!" आणि रडल्या.

पुढे हा आमच्या घरातला विनोद झाला. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं आणि आमच्या मांजराचं चालून सरळ! तुम्ही म्हणाल, त्यांना कळलंच असणार, सुनेला सांभाळून घेतलं त्यांनी. हे औषध मीही जिवाला लावून पाहिलंय. पण नाही. त्यांना कळलं असतं तर त्यांनी मला सोलून काढलं असतं. मनात ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांना ती ठकीच वाटली, कारण त्यांना ठकी हवी होती. त्यांनी लोणी लावलं, चुलीभोवती फिरवलं, आणि त्या रात्री पेलाभर दूध प्यायल्या. पेला विसळताना मी सुखानं हसले. हेही कबूल करते.

त्यानंतर सगळं बरंच झालं. गुऱ्हाळातली ती मांजर गुणी निघाली. सासूबाईंच्या अंगावर मांस चढलं. बायका आश्चर्य पाहायला येत आणि त्या सांगत, "मांजर घराचं म्हणतात, पण माझी ठकी माणसाची निघाली. पाण्यापलीकडे सुटली, तरी घर शोधत आली." मी शेजारी उभी राहून मान डोलवायची. भागूबाई म्हणून एक यायची, तिचा मुलगा लढाईवर, बरमात, पत्ता नाही. ती वाटीत दूध घेऊन यायची, मांजराच्या पायांवर डोकं ठेवायची. "ही आली तसा माजाबी यील, व्हय ना वो बाई?" मी व्हय म्हणायची. दुसरं काय म्हणणार? आणि मलाही दिवस गेले. मुलगा झाला. सासूबाई म्हणाल्या, ठकीच्या पायगुणानं. मी त्यालाही मान डोलावली.

बघा, अजून मी खरं सांगितलेलंच नाही. हे एवढं असतं तर मी केव्हाच हसत हसत सांगून टाकलं असतं.

लढाई संपत आली होती तेव्हा पारूबाईंच्या लेकीचं लग्न निघालं. सासूबाईंना प्रवास झेपेना, म्हणून खण-नारळ देऊन मला पाठवलं. कोळशावर चालणारी ती सर्व्हिस मोटर, चढ आला की उतरून चालायचं. मुलाला कडेवर घेऊन मी जुन्या घराच्या बोळात वळले, आणि ओट्यावर, आमच्या बंद दाराशी, ठकी बसली होती.

वाळलेली. एका डोळ्यात पाणी. पण तीच. कोयंड्यासारखी शेपटी.

तिनं मला पाहिलं. तुम्हाला वाटेल, पळाली असेल, फिसकारली असेल. मीही तेच समजून थबकले. ती उठली, ओट्यावरून उतरली, आणि माझ्या पायांना अंग घासत घासत फिरायला लागली. माझ्या. जिनं तिला गाडीतून उपडं केलं तिच्या.

पारूबाई बाहेर आल्या. खूप आनंद झाला त्यांना. "आलात व्हय! ह्या ठकीनं जीव खाल्लाय माजा. तुमी गेल्यावर माघारी आली, तवाधरनं ह्या दारातनं हालंना. भाकर-दूध घालते, खाती अन् पुना हितंच बसती. नवं भाडेकरू आलं, त्यांच्यातबी जाईना. म्हातारीला सांगावा धाडायचा व्हता, पर कुनी भेटंना त्या वाटंचं. बरं झालं, न्या आता तुमची ठेव."

मी म्हटलं, "ही आमची नाही."

पारूबाई हसल्या. त्यांना वाटलं, चेष्टा करतेय. मी पुन्हा म्हटलं, "आमची ठकी घरी आहे, बेलापूरला. ही दुसरी कुठली."

"अवं, मंग ह्या शेपटीचं वो?"

"मोडतात मांजरांच्या शेपट्या."

पारूबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. ज्या बाईनं माझ्या तापात रात्रंदिवस उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवल्या, तिला मी खोटं पाडलं. त्या ठकीला म्हणाल्या, "सर गं, पावन्यांच्या पायात नको," आणि मला चहा केला.

का म्हटलं मी तसं? भागूबाईची आस तुटली असती म्हणून? छे. त्या घटकेला भागूबाईची आठवणसुद्धा झाली नाही. सासूबाईंना धक्का बसला असता म्हणून? तेही नाही. माझं बिंग फुटेल एवढंच डोक्यात होतं. माझा नवा संसार, माझी खिडकी, मला गुणाची म्हणणाऱ्या त्या बायका. नाही तर पोत्यात घालून न्यायला कितीसा त्रास होता? सांगितलं असतं, दुसरी आणली, तिच्यासारखी दिसली म्हणून. चार दिवस बोलणी खाल्ली असती.

लग्न लागलं. जेवणं झाली. निघाले तर ठकी ओट्यावरून उतरून मागे यायला लागली. इतके दिवस जिनं ते दार सोडलं नव्हतं, ती दार सोडून माझ्यामागे. बोळ संपला, पेठ आली, तरी येतच होती, वाकडी शेपटी उभी करून. कडेवरचा मुलगा तिच्याकडे बोट दाखवून खिदळत होता. मी मागे वळून तिला हाकललं. ती बसली. मी चालू लागले की ती पुन्हा उठायची. मोटर सुटली तेव्हा ती स्टँडपाशी, लिंबाखाली बसलेली होती. मी मुलाचं तोंड दुसरीकडे केलं.

घरी सासूबाई वाट पाहत होत्या, मांडीवर गुऱ्हाळातली. विचारलं, "जुन्या घराकडे गेलीस ना? दारात कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

भागूबाईचा मुलगा पुढे सुखरूप आला, तिनं मांजराला पेढा भरवला. सासूबाई बऱ्याच पिकल्या वयात गेल्या, समाधानानं, पायथ्याशी ती मांजर. शेवटी मला म्हणाल्या होत्या, "हिला जप. ही चालून आलीय." मी जपलं. मी सुखात जगले, आजही आहे. ठकीचं पुढे काय झालं, ते मी पारूबाईंना कधी विचारलं नाही.

परत आलेली मांजर ही गोष्ट खरी आहे, नातीला मी तेवढं खुशाल सांगू शकते. ती आली होती. ओढ्याच्या अलीकडून आपल्या घरी आली, आणि आम्ही येऊ म्हणून दारात बसून राहिली. मी आलेही. तिनं मला ओळखलं. आणि मीही तिला ओळखलं होतं.